दुपट्ट्याखालचा सौदा

सर्व्हर नावाच्या इसमाला फुलसावंगीत कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण त्याच्या तब्येतीची चौकशी रोज सकाळी दहापासून सुरू होते. "कसा हाय आज सर्व्हर?" "सकाळी बरा होता काका, आता पडला." कुणाला सातबारा हवा असतो, कुणाला पीएम किसानची केवायसी करायची असते, कुणाच्या पोरीचा जातीचा दाखला अडलेला असतो. सगळे बाकावर दाटीवाटीने बसून एकाच रुग्णाच्या बातमीची वाट पाहतात. हा सर्व्हर मुंबईत राहतो की दिल्लीत, यावर गावात दोन तट आहेत. एका काकांच्या मते तो कुठल्याशा सरकारी इमारतीच्या तळघरात असतो आणि दुपारी जेवायला गेला की चारपर्यंत परत येत नाही. सरकारी म्हटल्यावर हे मत अगदीच टाकून देण्यासारखं नाही.

पण बहुतेक वेळा सर्व्हर बिचारा ठणठणीत असतो. आजार असतो तो संगणकाच्या पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला, जिथे कोळ्याने संसार थाटलेला असतो तिथे. एक चौकोनी भोक, त्यात खुपसलेला प्लास्टिकचा जॅक आणि शेजारी दोन बारके दिवे. एक लागून राहायला हवा, दुसरा लुकलुकायला हवा. एवढं वाकून पाहिलं तरी अर्धा निकाल लागतो. पण वाकायला कंबर लागते; सर्व्हरला शिव्या द्यायला काहीच लागत नाही.

फुलसावंगी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्याचं गाव. कापूस, सोयाबीन आणि अर्ज ही इथली मुख्य पिकं. पहिल्या दोन पिकांना पाऊस लागतो, तिसऱ्याला नेट. २०११ साली केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना मंजूर केली; पुढे तिचं भारतनेट असं बारसं झालं. दर ग्रामपंचायतीला निदान शंभर एमबीपीएस, असा हिशोब. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर पळतो. म्हणजे मुंबईहून निघालेला उजेड विदर्भात पोचायला पापणी लवण्याइतकाही वेळ घेत नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने हाडं खिळखिळी करून घेत येणाऱ्या आम्हा लोकांना या गोष्टीचा हेवा वाटतो. आणि एवढ्या दिमाखात आलेला हा पाहुणा शेवटच्या सहा फुटांवर, डबीतून निघून संगणकाकडे जाणाऱ्या निळ्या वायरीत, मातीत जातो.

गावातल्या एका अर्ज-दाखल्यांच्या केंद्रावर (नाव घेत नाही, उद्या मलाही सातबारा लागणार आहे) हा खेळ मी जवळून पाहिला. मी नेटवर्किंगचा कोर्स केलेला असल्याने गावाने मला या खात्याचा वैदू नेमलेलं आहे. फी चहा.

त्या जॅकला एक नाजूक खिट्टी असते. ती आत गेल्यावर टक् असा आवाज येतो. जगात कुठेही जा, ही खिट्टी सगळ्यात आधी तुटते. ती तुटली की जॅक भोकात बसतो, पण धरून राहत नाही. बाजूने कुणी ढेंगा टाकत गेला की लिंक गेली. यावरचा इलाज केंद्राच्या ऑपरेटरने स्वतःच शोधला होता: काडेपेटीची काडी जॅकच्या फटीत दाबून बसवायची. काडी अशी बसवायची की गुल बाहेरच्या बाजूला राहील, कारण पुढच्या वेळी उपटायला तेवढाच धरबंध. टेबलावरच्या काडेपेटीवर मार्करने "नेट" असं लिहिलेलं होतं. उदबत्ती लावायला त्यातली काडी घेतली तर ऑपरेटर अंगावर येई.

दुसरा इलाज खोडरबराचा. वेगळं बसवायचं नेटवर्क कार्ड असेल, तर ते काढायचं, त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचं, फुंकर मारायची आणि परत खोचायचं. शहरातले शिकलेले लोक याला हसतात, आणि मग गुपचूप हेच करतात. दमट हवेत त्या संपर्कांवर चढलेली पुटं खरोखरच निघतात. तिसरा इलाज, बंद करून चालू करणे, हा तर वेदकाळापासून चालत आला असावा.

कार्डांचीही एक वंशावळ आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रिअलटेक ८१३९ या चिपची कार्डं इतकी स्वस्त झाली की जगभर घराघरात शिरली. बिल पॉल नावाच्या प्रोग्रामरने फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिला आणि ड्रायव्हरच्या मजकुरातच शेरा मारून ठेवला: हलक्या मालाची व्याख्याच या कार्डाने बदलून टाकली आहे, आजवर बनलेल्यांत बहुधा हेच सर्वांत टाकाऊ. त्याचा राग रास्त होता. या चिपकडून डेटा घ्यायचा तर प्रोसेसरला एकेक पाकीट हाताने उचलून दुसरीकडे नेऊन ठेवावं लागे. तरीही माझं मन त्या कार्डाच्या बाजूने आहे. निम्म्या जगाने इंटरनेट पहिल्यांदा पाहिलं ते असल्याच स्वस्त कार्डांमधून. उत्तम माल बनवणाऱ्यांना फुलसावंगीचा पत्ता फार उशिरा लागला.

या सगळ्या प्रकाराचा जन्म २२ मे १९७३ चा. त्या दिवशी कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं आणि त्यातून इथरनेट उभं राहिलं. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. एकाच तारेवर सगळे संगणक. बोलायच्या आधी कान द्यायचा. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प व्हायचं, मनाला येईल तेवढा वेळ थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. माणसांच्या कुठल्याही सभेत हा नियम टिकला नसता. आमच्या ग्रामसभेत तर नाहीच. यंत्रांनी मात्र निमूट पाळला.

मेटकाफ यांच्याबद्दल मला आदर आहे तो आणखी एका कारणाने. १९९५ च्या डिसेंबरात त्यांनी 'इन्फोवर्ल्ड'मधल्या आपल्या सदरात भाकीत केलं की १९९६ मध्ये इंटरनेट साफ कोसळेल, नाही कोसळलं तर लिहिलेलं खाऊन दाखवीन. इंटरनेट कोसळलं नाही. १९९७ साली एका परिषदेत, भर सभेत त्यांनी तो छापील लेख मिक्सरमध्ये पाण्याबरोबर फिरवला आणि खाल्ला. आपल्याकडे पावसाचे आणि निवडणुकीचे अंदाज सांगणाऱ्यांनी हा पायंडा पाडला असता, तर कागदाचा तुटवडा झाला असता.

तर एकाच तारेचे ते दिवस गेले. पुढे प्रत्येक संगणकाला स्वतःची तार मिळाली, मधे स्विच नावाची डबी आली आणि एकाच वेळी बोलायची आणि ऐकायचीही सोय झाली, तिला म्हणायचं फुल डुप्लेक्स. जुनी आळीपाळीची पद्धत ती हाफ डुप्लेक्स. वेगही वाढले: दहा, शंभर, हजार. आता पंचाईत अशी की डबी एका जमान्याची, कार्ड दुसऱ्या जमान्याचं. दोघांनी कोणत्या वेगाने बोलायचं हे कोण ठरवणार? त्यासाठी १९९५ मध्ये शंभरच्या वेगाबरोबर एक पद्धत प्रमाण झाली, ऑटो निगोशिएशन. म्हणजे आपसात परस्पर ठरवून घेणे.

बैलबाजारात ज्याने सौदा पाहिला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. दोन दलाल समोरासमोर उभे राहतात, हातावर दुपट्टा टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव बोलतात. चेहऱ्यावर काही दिसत नाही, तोंडातून शब्द निघत नाही. बघ्यांना फक्त दुपट्टा हलताना दिसतो. कार्ड आणि डबी अगदी हेच करतात. तार जोडली की दोन्ही बाजू डेटा पाठवायच्या आधी बारीक ठोक्यांचे झुबके पाठवतात, साधारण दर सोळा मिलिसेकंदांना एक. एका झुबक्यात तेहतीस जागा. सतरा ठोके नुसते ताल धरायला. उरलेल्या सोळा जागांपैकी कुठे ठोका आहे आणि कुठे नाही, यावरून समोरच्याने समजायचं: मला दहा जमतं, शंभर जमतं, एकदम दोन्हीकडून बोलता येतं. दोघांचे हात एकमेकांना कळले की दोघांनाही जमणारा सगळ्यात वरचा भाव पक्का. वाद नाही, रुसवा नाही, मध्यस्थाची चिरीमिरी नाही. दिवा लागतो.

इतकी साधी, इतकी सभ्य पद्धत. तिचा बट्ट्याबोळ व्हायला एक हुशार माणूस पुरतो.

असा एक हुशार माणूस केंद्रावर येऊन गेला. कुणी पाठवला, कुठून आला, याच्या खोलात शिरत नाही. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. नेट हळू आहे म्हटल्यावर त्याने संगणकात कार्डाची सेटिंग उघडली. तिथे "ऑटो" लिहिलेलं होतं. हुशार माणसाला "ऑटो" हा शब्द सहन होत नाही. ज्यात आपला हात नाही ते काम झालंच कसं? त्याने ते काढून "१०० फुल डुप्लेक्स" असं ठोकून दिलं, चहा घेतला आणि "आता बघा" म्हणून मोटरसायकलला किक मारली.

आता दुपट्ट्याखाली काय झालं पाहा. ज्या कार्डावर भाव ठोकून दिला जातो, ते पुष्कळदा सौद्याचा हात पुढे करायचंच सोडून देतं. सरळ शंभरच्या भाषेत बोलायला लागतं. पलीकडची डबी अजून ऑटोवर. ती दुपट्ट्याखाली हात घालून चाचपते, तर समोर हातच नाही. ती विचार करते, समोरचा शंभरने बोलतोय हे ऐकू येतंय, म्हणजे वेग शंभर. पण एकाच वेळी बोलणं-ऐकणं त्याला जमतं की नाही, ते काही त्याने सांगितलं नाही. आणि नियमाने, न सांगितल्यास जमत नाही असंच धरायचं. डबी हाफवर बसली. कार्ड फुलवर. वेगाचा आकडा दोन्हीकडे शंभर, दिवे दोन्हीकडे लख्ख. दिव्यांवर विश्वास ठेवणाऱ्याने आता कुठे जावं?

या दुखण्याची खुबी अशी की, ते थोडक्या कामात दिसतच नाही. पिंग मारा, झकास उत्तर येतं. आधार नंबर टाका, जातो. ओटीपी मागवा, येतो. बाकावरच्या काकांचा चेहरा खुलतो. मग ऑपरेटर फोटो आणि बँक पासबुकाची स्कॅन प्रत चढवायला घेतो आणि ती गोल चकती फिरायला लागते. फिरत राहते. कारण आता कार्ड भडाभडा पाठवतंय आणि त्याच वेळी डबीला पोचपावती परत द्यायची आहे. कार्डाच्या हिशोबी यात काही वावगं नाही. डबीच्या हिशोबी मात्र ही टक्कर: ती आपलं बोलणं मधेच तोडते, ऐकत असलेलंही टाकून देते, थांबते, पुन्हा सुरू करते. कार्डाकडे अर्धी तुटलेली पाकिटं येतात, ती बिचारी कचऱ्यात. वरच्या मजल्यावरचा टीसीपी हे सगळं पाहून समजतो की रस्त्यावर गर्दी झालेली दिसते, आणि समजूतदारपणे आपलं पाऊल आणखी हळू करतो. काम जितकं जास्त, तितका गोंधळ जास्त. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला तर विचारू नका.

"भाऊ, लहान फोटो जाते, मोठा अडकते," ऑपरेटरने मला सांगितलं. याहून नेमकं निदान पुस्तकात सापडणार नाही. पण तोवर गावाने स्वतःचं निदान केलं होतं. एक म्हणे फोटोतच खोट आहे, डोळे मिटलेले फोटो सरकार घेत नाही. दुसरा म्हणे पासबुक पुसदच्या शाखेचं आहे, ते इथून जाणार नाही. एक आजी तर फोटो काढताना डोक्यावरचा पदर नीट घेतला नव्हता म्हणून पुन्हा घरून इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या. त्यांचा दुसरा फोटो छान आला, आणि चुकून गेलाही. तेव्हापासून केंद्रावर बायका नवं लुगडं नेसून येऊ लागल्या. त्यांना मी फुल डुप्लेक्स काय समजावणार?

मी सेटिंग परत ऑटोवर नेलं. दुपट्टा पुन्हा पडला, हात पुन्हा मिळाले, फोटो सुटले. यात माझी हुशारी काडीची नाही. दुसऱ्याने हुशारी दाखवली होती तेवढी काढून टाकली.

यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण जुनी डबी जाऊन हजारच्या वेगाची नवी डबी आली, आणि मग वायरीतले आठ धागे बाहेर आले. या निळ्या वायरीच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. ऑपरेटरला क्रम तोंडपाठ, मनाच्या श्लोकांच्या चालीत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यातली गंमत अशी की शंभरच्या वेगाला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात. निळी आणि तपकिरी नुसत्या बसून. आठपैकी चार तारा पडीक आहेत हे कळल्यावर यवतमाळ जिल्ह्यातला कोणता माणूस त्या पडीक ठेवील? केंद्रात त्या पडीक तारांवर एकाने शेजारच्या टेबलावरचा संगणक चालवला होता. एका वायरीत दोन संगणक. शंभरपर्यंत हे खरोखर चालतं. मी त्या कारागिराला मनातून दाद दिली.

पण १९९९ साली तांब्याच्या तारेवर हजारचं जे प्रमाण आलं, त्याला चारही जोड्या लागतात. आणि सौदा? सौदा मात्र जुन्याच दोन जोड्यांवर होतो. म्हणजे दुपट्ट्याखाली दोन्ही बाजू मोठ्या तोऱ्यात हजार कबूल करतात आणि माल न्यायची वेळ आली की चारपैकी दोन जोड्या जागेवर नाहीत. सौदा मोडला. पुन्हा दुपट्टा, पुन्हा हजार, पुन्हा मोडला. दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो. काही कार्डं शहाणी असतात. चारदोन वेळा तोंडघशी पडल्यावर निमूटपणे शंभरवर उतरतात आणि कुणाला कळूही देत नाहीत. काही मानी असतात, ती दिवसभर हजारच्या बाता मारत बसतात. उंदराने तपकिरी जोडी कुरतडली तरी हेच होतं. आमच्या उंदरांना तपकिरी रंग का आवडतो, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी पाहिल्या तेवढ्या वायरी तपकिरीकडूनच गेलेल्या.

वायरीचीही जात पाहावी लागते. बाजारात तांब्याच्या नावाने विकली जाणारी पुष्कळ वायर वरून तांबं आणि आतून अॅल्युमिनियम असते. ब्लेडने तार हलकेच खरवडली की खाली पांढरं दिसतं. दोनदा वाकवली की तुटते. शिवाय एका दमात शंभर मीटर ही मर्यादा. आमच्याकडे एकाने केंद्रावरून आपल्या दुकानापर्यंत वायर नेली होती, मधल्या दोन कडुनिंबांवरून, एका गच्चीवरून आणि मंडपवाल्याच्या बांबूवरून. लांबी विचारली तर म्हणाला, "बंडल संपलं तेवढी." मृगाच्या पहिल्या विजेला त्याचं कार्ड, डबीचं एक भोक आणि कडुनिंबावरची एक फांदी, तिन्ही एकदम गेलं. फांदी पुन्हा फुटली.

एक दुखणं मात्र असं निघालं की हसावं की रडावं. तासातासाने नेट आपोआप जाई आणि माउस हलवला की परत येई. कारण सापडलं विंडोजच्या एका चौकटीत: वीज वाचवण्यासाठी संगणकाने हे कार्ड बंद केलं तरी चालेल, यावर टिक होती. २०१० साली तर इथरनेटच्या प्रमाणातच काम नसताना ऊर्जा वाचवायची सोय आली, आणि काही कार्डं तेवढ्या डुलकीतून नीट जागी होत नाहीत. जिथे शेतीच्या पंपाला रात्री वीज येते म्हणून माणसं टॉर्च घेऊन वावरात जागतात, तिथे हे कार्ड आपलं स्वतंत्र भारनियमन चालवत होतं. टिक काढली.

शेवटी जुनी वायर काढून अस्सल तांब्याची नवी टाकली, प्रत्येक संगणकाला वेगळी. दोन्ही टोकांना ऑटो. दिवा असा लागला की ऑपरेटरने काडेपेटी देवघरात नेऊन ठेवली. जुनी वायर मी गुंडाळून कोपऱ्यात टाकली, तर त्याने ती लगेच उचलली.

"टाकू नका भाऊ, यातल्या सहा तारा चांगल्या हायेत."

सहा चांगल्या तारांची ती वायर समोरच्या किराणावाल्याने कॅमेऱ्यासाठी नेली. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "भाऊ, एक डाव येऊन जा. कॅमेऱ्यात गिऱ्हाईक आत येताना दिसते, जाताना दिसतच नाही."